बाबांच्या गाडीची पिवळी काच

बाबांची गाडी दिसायच्या कितीतरी आधी तिचा आवाज यायचा. वणीतलं आमचं घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यापासून फार लांब नव्हतं, त्यामुळे संध्याकाळभर कानावर नुसती घरघर असायची, पण त्या घरघरीतून बाबांच्या मोटरसायकलचा सुका, खोकल्यासारखा आवाज आई बरोबर वेगळा काढायची. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा, मान किंचित वाकडी व्हायची, आणि मग "आले" म्हणून ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची. आवाज आला नाही की भाकरी थापणं सुरूच राहायचं. घरात खाणारी आम्ही तिघंच, दादा अमरावतीला शिकायला होता, तरी कधी कधी टोपल्यात उद्याच्या न्याहारीलाही उरून पुरतील एवढ्या भाकरी साचायच्या. काळजी हा आमच्या घरातला पिढीजात धंदा होता. आईनं तो तिच्या आईकडून उचलला, मी आईकडून, आणि माझ्या मुलीनं फोन उचलला नाही की अजूनही मी दोन माणसांचा भात चार माणसांचा करून ठेवते.

बाबा कापसाचे ग्रेडर होते. झरी जामणीकडच्या रस्त्यावर एका गावात खरेदी केंद्र होतं, तिथे दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागायची. प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस हातात घ्यायचा, उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढून पाहायचा आणि कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. पांढराशुभ्र असेल तर वरची प्रत, पिवळट असेल तर खालची. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचं काय होणार ते त्या एका शब्दावर ठरायचं. बाबांना या शब्दाचा फार अभिमान होता. लोकही मानायचे. "भाऊच्या डोळ्यात काटा हाय," असं म्हणायचे, म्हणजे वजनाचा काटा. ते ऐकलं की बाबा त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा वरण मागायचे.

त्या हिवाळ्यात मात्र त्यांना यायला उशीर होऊ लागला. दिवस लहान, परतताना अंधारून यायचं, समोरून कोळशाचे ट्रक, आणि रस्त्यावर काळी धूळ तर बारा महिने. आई दारात उभी राहून विचारायची, "काहून उशीर झाला?" बाबा गाडी स्टँडवर लावत म्हणायचे, "काच पिवळी झाली. समोरचा लाइट आला की सारा रस्ताच दिसेनासा होते. हळू हळू आणा लागते गाडी."

काच म्हणजे गाडीच्या हँडलवर बसवलेलं उभं, पारदर्शक प्लास्टिक. वारा छातीवर येऊ नये म्हणून. आम्ही सगळे त्याला काचच म्हणायचो. बाबांनी गाडी जुनीच घेतली होती आणि काच तिच्यासोबतच आली होती. उन्हात उभी राहून राहून ती खरोखरच पिवळी पडली होती, जुन्या वर्तमानपत्रासारखी, आणि तिच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं पसरलं होतं. पण बाबांनी तिच्या पिवळेपणाचं खापर भलत्याच ठिकाणी फोडलं. दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करायची. हळद भिजवून तळहाताला लावायची आणि काचेच्या मधोमध पंजा उमटवायची, वर कुंकवाचा टिळा. पंजा दिवाळीपर्यंत राहायचा, मग धुऊन जायचा. "तुह्या हळदीनं मुरली ते," बाबा म्हणाले. "प्लास्टिक हळद पेते. दर साली थापते तू."

आई पहिल्यांदा हसली. "अहो, हळद उन्हात उडते. लुगड्यावर पडली तं मी उन्हातच वाळू घालतो न."

"लुगड्याचं येगळं अन् प्लास्टिकचं येगळं," बाबा म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं. पण तो संपला नाही. रोज संध्याकाळी गाडीच्या मागोमाग तो घरात शिरायचा. माझ्या हे लक्षात आलं की आई हळूहळू वरणातली हळदही कमी करायला लागली होती. वरण पांढुरकं दिसायचं.

काच साफ करायचे प्रयोग झाले, ते सगळे आम्हाला शोभणारेच. बाबांनी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून काच खसाखसा पुसली, कारण गाडीचा कुठलाही डाग पेट्रोलनं जातो असा त्यांचा सिद्धांत होता. काच धुरकटली. मग एका दुपारी बाबा पायी बाजारात गेले असताना आईनं तिच्या पद्धतीनं हात मारला. देवाची पितळी भांडी ती चिंच आणि चुलीच्या राखेनं लख्ख करायची, तीच राख आणि तीच चिंच तिनं काचेला लावली आणि नारळाच्या शेंड्यांनी जीव तोडून घासली. पितळ उजळतं, प्लास्टिक खरवडतं. बाबा घरी आले तेव्हा काच दुधाची साय धरल्यासारखी दिसत होती. त्यांनी आवाज चढवला नाही. "आता बराबर झालं," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले. आई मोरीत राखेचे हात कितीतरी वेळ धूत राहिली. तिचा तो चेहरा अजून मला जशाच्या तसा दिसतो, आणि अजून वाईट वाटतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा कोपर सोलून घरी आले. पुढे कडब्याच्या पेंढ्या भरलेली बैलगाडी चालली होती, ती त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नव्हती. गाडी कडेच्या मुरमात घसरली. आईनं हळद-तेल गरम करून जखमेवर लावायला वाटी उचलली, क्षणभर थांबली, मग नुसतं तेलच लावलं. मी वह्या पुढ्यात घेऊन बसले होते, पण लक्ष सगळं त्या कोपराकडेच होतं. मला सरळ दिसत होतं की ही काच एक दिवस बाबांचा जीव घेणार. नवी काच त्या जुन्या गाडीला नागपुरातही मिळत नव्हती. आणि काच काढून ठेवा म्हटलं तर बाबा म्हणायचे, "त्या जंगलातल्या थंडीत छाती भरून येईन माही."

त्याच आठवड्यात सोनाबाई आमच्या घरी आली. झरीकडच्या एका खेड्यातली, उन्हानं रापलेली, आईहून थोडी मोठी बाई. शेत तीच कसायची. रविवारच्या बाजाराला वणीला आली होती, लोकांना विचारत विचारत आमचं घर शोधलं होतं. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि पदराची गाठ सोडून मूठभर कापूस बाबांसमोर धरला.

"भाऊ, हा पाहा. याले तुम्ही पिवळा म्हन्लं."

बाबांनी कापूस घेतला, डोळ्यांपाशी नेला, उलटापालटा केला. "पिवळटच हाय, बाई."

"पहिल्या वेच्याचा हाय जी. पानी नाही लागलं, दव नाही लागलं. माह्या हातानं वेचला मी."

"मले नोको सांगू. माह्या डोळ्याखालून किती गाड्या गेल्या कापसाच्या." बाबांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात धार आली होती. सोनाबाई भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं तो कापूस ओट्यावर तसाच ठेवला, आईला "येतो बाई" म्हणाली आणि निघून गेली. आईनं चहा ठेवला होता, तो चुलीवरच राहिला. मग आईनं तो कापूस उचलला, कचरा काढला आणि वातींच्या टोपलीत एका बाजूला वेगळा टाकला. कापूस वाया घालवायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

या टोपलीबद्दल सांगायला हवं. माझ्या मामाचं शेत बाभुळगावकडे. कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी मामी शेतात सीतादहीची पूजा करायची, झाडांवर दहीभात शिंपडायची, आणि त्या दिवशी वेचलेला पहिला कापूस मामा दर वर्षी आईकडे देवाच्या वातींसाठी पाठवायचा. माहेरचा कापूस म्हणून आई त्याला जपायची. दुपारी जेवणं झाली की मांडीवर वाती वळत बसायची. सोनाबाई येऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, आई वाती वळत नव्हती. डाव्या हातात थोडा कापूस, उजव्या हातात थोडा, आणि ती आळीपाळीनं दोन्हींकडे बघत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. तू अभ्यास कर."

मला तेव्हा फक्त काच दिसत होती. शाळेच्या वाटेवर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या रफीकचाचांची टपरी होती. हातघड्याळांच्या ओरखडलेल्या प्लास्टिकच्या काचा ते मऊ कापडावर दात घासायची पांढरी पेस्ट घेऊन घासायचे, हे मी येता-जाता पाहिलं होतं. त्यांना विचारलं, मोठ्या काचेला चालेल का. ते हसले. "चलेगा क्यूं नहीं बेटा? पण आधी पानीपेपर मार, ओला करून. कोरडा मारू नोको, नाही तं बाप मारन तुले." रंगाच्या दुकानातून मी सगळ्यात बारीक पानीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिशपेपर, आणला. पेस्ट घरचीच, आणि दादाचा जुना बनियान.

रविवारी बाबा गाडी घरी ठेवून कुणाच्या तरी तेरवीला गेले होते. मी काचेचे स्क्रू काढले, वाटीत ठेवले, आणि अंगणात बादली घेऊन बसले. ओला पेपर फिरवला तसं पिवळं पाणी ओघळायला लागलं, आणि काच आधीपेक्षाही पांढरी, आंधळी झाली. आता आपण ती कायमची घालवली असं वाटून मी रडकुंडीला आले. आई कधी येऊन बाजूला बसली कळलं नाही. तिनं बनियानाचा दुसरा तुकडा घेतला, पेस्ट लावली आणि दुसऱ्या टोकानं घासायला लागली. पेस्टच्या लवंगी वासानं अंगण भरलं. चुलीवर सोल्यांची भाजी शिजत होती, तुरीच्या ओल्या दाण्यांची, तिचाही वास त्यात मिसळला. गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं मोबाइलवरून काहीतरी डबी मागवून त्याच्या जुन्या गाडीचा हेडलाइट घासला, तेव्हा माझ्या नाकाला ती भाजी आठवली. भाचा म्हणाला, आत्या, तुला काय कळतं त्यातलं? मी म्हटलं, पेपर ओला करून मार.

दुपार कलता कलता काच निघाली. एक कोपरा शेवटपर्यंत पिवळाच राहिला, आईच्या राखेचे दोन-तीन ओरखडेही राहिले, पण बाकीची काच विहिरीच्या पाण्यासारखी नितळ. मी तिच्या मागे वर्तमानपत्र धरलं आणि बारीक अक्षरातली जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली. आई किती दिवसांनी हसली. आम्ही ती गाडीला बसवली, स्क्रू पक्के केले, आणि मला वाटलं, झालं, आता बाबांना काही होणार नाही.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा बाबा आले. मी त्यांना गाडीपाशी ओढतच नेलं. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, "गुळगुळीत झाली वं," म्हणाले, खूश झाले. मग गाडी काढून रस्त्याच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून आले. उतरले. रुमालानं काच पुसली. परत वाकून तिच्यातून रस्त्याकडे पाहिलं.

"मेहनत चांगली केली तू, नले," ते म्हणाले. "पण नाही गेला तो पिवळेपना. आतवर मुरली हळद. तसंच धुरकट दिसून राह्यलं."

मी काचेकडे पाहिलं. तिच्यातून मला पलीकडच्या निंबाचं पान न् पान दिसत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते मस्करी करत नव्हते.

आई आत गेली आणि परात घेऊन आली. परातीत कापसाचे दोन ढीग होते. ती बाबांसमोर उभी राहिली. "यातला सोनाबाईचा कोनता, सांगा बरं."

बाबा चिडले. "हे काय काढलं आता?"

"सांगा न."

त्यांनी एकातून चिमूट उचलली, दुसऱ्यातून उचलली, डोळ्यांपाशी नेली. "दोन्ही तिचेच हाय. दोन्ही पिवळट."

"हा माह्या भावाचा हाय," आई म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की ट्रक जात असता तर ऐकूच आला नसता. "सीतादहीचा."

मामाच्या शेतातला कापूस त्यांनी दर वर्षी पाहिला होता, तोच कापूस दाखवून ते नव्या पोरांना वरची प्रत शिकवायचे. मग ते अंगणाच्या मधोमध गेले, केंद्रावर उभे राहतात तसे उन्हाकडे पाठ करून. कापूस समोर धरला. उजवा डोळा तळहातानं झाकला, पाहिलं. डावा झाकला, पाहिलं. परत उजवा. मला वाटलं त्यांनी काहीतरी बोलावं, रागवावं, निदान परात फेकावी. त्यांनी मान वळवली आणि मला विचारलं, "नले, तुले कसा दिसते हा?"

बाबांनी मला कापसाचा रंग विचारला. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना घाबरले आहे, पण त्या प्रश्नाएवढी कशालाच नाही. खोटं बोलावंसं वाटलं. आईकडे पाहिलं, ती जमिनीकडे पाहत होती.

"पांढरा," मी म्हटलं.

"लई पांढरा?"

"हो बाबा."

"अन् सोनाबाईचा?"

"तोपण."

ते ओट्यावर बसले. कापूस मुठीत तसाच होता. आज मला वाटतं, त्यांच्या मनाला कुठेतरी आधीच ठाऊक असावं. थंडीचं निमित्त पुढे करून ते काच काढू देत नव्हते, कारण काच गेली असती तर दोष द्यायला काहीच उरलं नसतं. पण त्या संध्याकाळी मला फक्त एवढंच कळलं की गाडी दुरुस्त झाली आणि बाबा नाही. त्या दिवशी सोल्यांची भाजी कुणालाच नीट गेली नाही.

सकाळी ते गाडीला हात न लावता निघाले. "यस्टीनं जातो," म्हणाले. तो दिवस आजवरचा सगळ्यात लांब दिवस. नेहमी निदान आवाजाची वाट बघायची असायची, त्या दिवशी तीही सोय नव्हती. केंद्रावर सांगतील का? सांगितलं तर काढून टाकतील का? नाही सांगितलं तर उद्या परत कुणाच्या तरी पांढऱ्या कापसाला पिवळा म्हणतील का? शाळेत माझं कशातच लक्ष लागलं नाही. संध्याकाळी आई भाकरी थापत राहिली, आणि शेवटी दाराची कडी वाजली तेव्हा टोपलं काठोकाठ भरलं होतं.

"सांगतलं," बाबा चपला काढत म्हणाले. "डोळ्यात मोतीबिंदू असन म्हून सांगतलं. ग्रेडर दुसरा येईन. मले काट्यावर बसोलं, वजनं पाहाले."

"अन् सोनाबाई?" आईनं विचारलं.

"तिच्या घरी गेलतो. कापूस तं तिचा कवाच ढिगात गेला, आता काय वापस येते? पण सांगा लागत होतं." ते पाणी प्यायले. "चहा देल्ला तिनं. म्हने, मले ठाऊक होतं भाऊ. तुम्ही कापूस डोळ्याच्या लई जवळ नेत होते. माह्या सासऱ्याचं असंच झालं होतं. म्हटलं, मंग तवा काहून नाही बोलली? तं म्हने, तुमच्या घरी येऊन तुमच्या बाईपोरीसमोर कसं बोलाव?" एवढं बोलून बाबांनी डोळ्यांवर हात ठेवला. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आई उठली नाही, तवा सोडून तशीच त्यांच्याजवळ सरकली, आणि भाकरी जळाल्याचा वास आला तरी तिथेच बसून राहिली.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून उताणं पडून राहावं लागायचं, आणि नंतर बशीसारखा जाड चष्मा. हॉस्पिटलात मी सारखी त्यांच्या छातीकडे बघत बसायचे, श्वास चालू आहे ना म्हणून. चष्मा लागला आणि ते घरी आले, तेव्हा अंगणात उभे राहून बराच वेळ वर पाहत होते. "आभाळ इतकं निळं असते काय वं?" त्यांनी आईला विचारलं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्याही डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून मी रोज सकाळी उशीच्या अभ्र्याकडे पाहते आणि घरातल्यांना विचारते, हा पांढराच आहे ना. ते कंटाळलेत.

ग्रेडरचं काम बाबांना परत मिळालं नाही. निवृत्त होईपर्यंत ते काट्यावरच होते, आणि "भाऊच्या डोळ्यात काटा" असं मग कुणी म्हटलं नाही. गाडी त्यांनी विकली नाही. सुटीत दादा आला की तो चालवायचा, एरवी ती अंगणात उभी असायची आणि बाबा रोज सकाळी तिची काच पुसायचे.

त्या वर्षीचा दसरा आला. आईनं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळद भिजवली. मग करंगळीच्या टोकावर थोडीशी घेऊन काचेच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे ती आधीच पिवळी होती तिथे, एक ठिपका लावला. दिसेल न दिसेल असा. बाबा जाड चष्म्यातून बघत होते.

"पंजा कुठं गेला?"

"राहू द्या," आई म्हणाली. "मंग म्हनसान, पिवळं दिसते."

बाबांनी ताटलीतली हळद घेतली, आईचा हात धरला, तिच्या तळहाताला बोटाबोटापर्यंत नीट फासली, आणि तो हात काचेच्या मधोमध दाबून धरला.

"हळद हाय," ते म्हणाले. "पिवळीच दिसन."